दोन स्क्रू

कंपनीचा माणूस यंत्र ओट्याखाली सरकवून गेला.
जाताना म्हणाला, "वर ग्रॅनाइट आहे, मॅडम,
ह्या पट्ट्यांना लाकूड लागतं.
तेवढं जपून वापरा."
पट्ट्या पिशवीत, पिशवी माझ्या हातात.

जपून म्हणजे कसं, ते रात्री कळलं.
दार आडवं पाडलं, खालची जाळी ओढली,
कुकर, परात, तांबड्या रश्श्याचं पातेलं,
आणि सगळं यंत्र मागचे पाय उचलून
माझ्या अंगावर वाकलं.

चौतीस वर्षं मी नववीला गुरुत्वमध्य शिकवला.
पायाबाहेर गेला की वस्तू कलंडते:
फळ्यावर खाली जाणारा बाण,
बाणाखाली दोन आडव्या रेघा.
तेव्हा बाण माझ्याकडे रोखलेला नव्हता.
गुडघ्यानं दार रेटून धरलं
आणि एकेक भांडं परत बाहेर काढलं,
चोरी सापडल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी उद्यमनगरातून
लेथवाल्या पटवेगारांची शिरीन आली,
स्कूटरवर पायाशी मोटारीचा जॅक.
यंत्र बाहेर ओढून
फरशीवर उताणी झाली, दातात बॅटरी.
"दगडाला भोक नाही पाडायचं, टीचर.
चीर गेली की ओटाच गेला."
स्पिरिटनं दगडाचं पोट पुसलं,
फडक्यावर पंधरा वर्षांची फोडणी निघाली.
मग सागवानी पट्टी, दोन नळ्यांतला डिंक कालवून,
पट्टीखाली ओंडका, ओंडक्याखाली जॅक.
"उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
निवांत चिकटू दे."

रात्री पाणी प्यायला उठले.
दिवा न लावताच दिसलं,
जॅक एकटा ओटा धरून उभा.
त्या मोकळ्या जागेत आधी सिलिंडर असायचा
आणि सिलिंडरच्या मागं अक्काताईचा कप,
कानतुटका, निळ्या फुलांचा.
वेगळा ठेवायचा असं ह्या घरात
कुणी कधी बोललं नव्हतं.
तसाच ठेवला जायचा.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा आत.
शिरीननं पान्यानं पाय वर-खाली केले,
उघड्या दारावर वाटीभर पाणी ठेवून
वाटीकडं बघत राहिली,
पाणी काही सांगेल अशा तोंडानं.
मग दोन स्क्रू. सोळा मिलिमीटर.
"लांब घेतला तर दगडाला टेकतो,
आखूड घेतला तर नुसता शोभेला."
पैसे सांगितले ते इतके कमी
की मला घासाघीस करायची सवय
गिळून टाकावी लागली.

रविवारी अक्काताई आली, लेकाच्या गाडीवरनं.
गुडघे गेल्यापासनं कळंब्याला असते.
खुर्चीत बसून यंत्राला आपादमस्तक न्याहाळलं.
"लई वाकत हुतं म्हनं?"
"वाकत होतं."
"मी बी वाकायची की. बावीस वर्सं."
आणि हसली, पदर तोंडाला लावून, मनापासून.
मला हसता आलं नाही.

मी परात घातली, कुकर घातला, पातेलं घातलं,
दारावर हाताचा भार दिला, सगळा.
हललं नाही.
"कशानं धरलंय?"
तिला खाली वाकता येत नाही,
म्हणून मी आडवी झाले, मोबाइलवर फोटो काढला.
काळ्या दगडाखाली लाकडाची एक पट्टी,
दोन चकचकीत ठिपके.
"येवढंच?"
"एवढंच."

चहा झाला. चहा कुठल्या कपात दिला
ते मी इथं लिहीत नाही.
ती उठली, सवयीनं मोरीकडं वळली,
थबकली,
यंत्राच्या उघड्या दारापाशी आली
आणि कप हातात धरून विचारलं,
"ह्यो कुठं ठिवू, बाई?
वरच्या जाळीत का खालच्या?"